झाडं लावून विद्यापीठ 'कार्बन न्यूट्रल' होईल का? आधी वीजबिल उघडा!

पावसाळा आला की शहरातल्या कॉलेजांमध्ये वृक्षारोपण होतं, फोटो निघतात आणि 'ग्रीन कॅम्पस'चा फलक झळकतो. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत २०७० पर्यंत 'नेट झिरो'चं लक्ष्य जाहीर केलं. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठासारख्या संस्थेचा वाटा किती असेल? ते फोटोंवरून नाही, हिशेबावरून कळेल.

कार्बन न्यूट्रल म्हणजे नेमकं काय?

संस्थेमुळे वर्षभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो शक्य तितका कमी करायचा आणि उरलेल्याची भरपाई करायची. हिशेबाचे तीन भाग असतात :

- आवारात जळणारं इंधन : जनरेटरचं डिझेल, मेसचा गॅस, संस्थेच्या गाड्या
- विकत घेतलेली वीज
- बाकी सगळं : विद्यार्थी-प्राध्यापकांचा प्रवास, कागद, कचरा, बांधकाम

झाडांचं गणित का जमत नाही?

ग्रीडमधल्या एका युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. १०० किलोवॅटचा सौर प्रकल्प आपल्याकडे वर्षाला अंदाजे १ लाख ४० हजार युनिट वीज देतो, म्हणजे जवळपास १०० टन कार्बन वाचतो. एक मोठं झाड वर्षाला २० किलो शोषतं असं धरलं, तर तेवढ्याच कामाला ५ हजार वाढलेली झाडं लागतील. रोपं नव्हे, वाढलेली झाडं. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ती जगवायला पाणी कुठून आणणार? शहराचं पिण्याचं पाणीच जायकवाडीहून वीज खर्चून उपसून आणावं लागतं.

झाडं लावाच. सावली, माती, पक्षी यांच्यासाठी ती हवीतच. पण वीजबिलाचं पाप त्यांच्या माथी मारू नका.

वीज आणि पाणी आपल्याकडे वेगळे विषय नाहीतच. विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रातलं परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं.

पैसे कुठून येणार?

हा प्रश्न रास्त आहे. विनाअनुदानित कॉलेजांकडे पगारालाच पैसे नसतात. पण 'रेस्को' पद्धतीत कंपनी स्वतःच्या खर्चाने छतावर पॅनल बसवते आणि संस्था फक्त वापरलेल्या युनिटचे पैसे देते. त्याआधीची कामं तर आणखी स्वस्त आहेत : जुने पंखे बदलून कमी विजेचे बीएलडीसी पंखे लावणं, रिकाम्या वर्गातले दिवे बंद ठेवणं, पाण्याच्या मोटारी दुपारी सौर विजेवर चालवणं.

सर्वांत अवघड भाग : प्रवास

वाळूजहून बाईकवर येणारा विद्यार्थी घ्या. रोजचे येऊन-जाऊन ३० किलोमीटर, ५० चं ॲव्हरेज आणि वर्षाला २०० दिवस. लिटरमागे २.३ किलो धरले तर एका विद्यार्थ्याचे सुमारे २७५ किलो होतात. म्हणजे एका बाईकमागे चौदा झाडं! इथे उपाय झाड नाही, वेळेवर येणारी सिटी बस आहे. शहरालगत बिडकीनला इलेक्ट्रिक वाहनांचे कारखाने येऊ घातलेत. निदान कॅम्पसच्या मार्गावर तरी ई-बस मागायला विद्यापीठाने पुढे यावं.

१९५८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे आहेत. एका कागदासाठी परंड्याच्या विद्यार्थ्याला मुख्यालयापर्यंत एसटीने यावं लागत असेल, तर त्याचा दिवस, भाडं आणि डिझेल तिन्ही वाया जातं. असं प्रत्येक काम खरोखर ऑनलाइन होणं हीसुद्धा कार्बनबचतच आहे.

मग सुरुवात कुठून?

वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीने २०१८ मध्येच कार्बन न्यूट्रल झाल्याचं जाहीर केलं. त्यात सौरऊर्जा होती, तशी बाहेरून घेतलेली कार्बन क्रेडिट्सही होती. क्रेडिट विकत घेण्याचा शॉर्टकट आपल्याला परवडणार नाही आणि त्याची घाईही नको.

आपल्याकडे वेगळं बळ आहे. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'पर्यावरण अभ्यास' सक्तीचा आहे. त्याचे प्रकल्प बहुतेकदा झेरॉक्सच्या दुकानात तयार होतात. त्याऐवजी विद्यार्थ्यांनाच आपापल्या कॉलेजची वर्षाची युनिटं, डिझेल, गॅस आणि प्रवास मोजू द्या. विद्यापीठाने संलग्नीकरणाच्या अर्जात हे चार आकडे बंधनकारक करावेत आणि दरवर्षी वेबसाइटवर टाकावेत. चारशेहून अधिक कॉलेजांचा असा हिशेब उभा राहिला, तर 'नॅक'साठी केलेलं ग्रीन ऑडिट फाइलमधून बाहेर येईल.

२०७० ला आजचा प्रथम वर्षाचा विद्यार्थी साठी ओलांडून गेलेला असेल. त्याला तेव्हा फलक नको असेल, प्यायला पाणी हवं असेल. म्हणून घोषणेआधी आकडे जाहीर करा.