आंदणात पेटी, पण पदवी नको

आमच्या गोंदिया जिल्ह्यात मुलीचं गाणं दोनदा कामाला येतं. एकदा दहावीत आणि एकदा लग्नात. दहावीत, कारण शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्या असतील तर बोर्ड वाढीव गुण देतं. लग्नात, कारण मुलीच्या माहितीच्या कागदावर ‘गायनाची आवड’ ही ओळ शोभून दिसते आणि आंदणात कपाटाशेजारी पेटी मांडली की पाहुणे मान डोलावतात. या दोन्हींच्या मधे, अठराव्या वर्षी, तीच मुलगी म्हणाली, ‘मला गाण्यातच पदवी घ्यायची आहे,’ की घर गप्प होतं. मग कुणीतरी विचारतं, ‘खर्च किती येईल?’

मी आमगावच्या बाजूला बरीच वर्षं मुलींना गाणं शिकवते. बारावीचा निकाल लागला की दोन-चार मुली आयांना घेऊन माझ्याकडे येतात. प्रश्न एकच, ‘बाई, परवडेल असं चांगलं कॉलेज कुठं आहे?’ या प्रश्नाचं उत्तर मी पुढे देणार आहे, ते अवघड नाही. पण आधी ‘परवडेल’ या शब्दाकडे जरा नीट बघू या.

त्याच घरातला मुलगा नागपूरला खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगला जातो. त्याच्यासाठी धानाचा तुकडा गहाण पडतो, सोसायटीचं कर्ज निघतं, आईचे डोरले मोडले जातात. तेव्हा ‘परवडेल का’ असं कुणी विचारत नाही. ‘कसंबसं करू’ असं म्हणतात. ‘परवडणं’ हा शब्द मुलीसाठी राखून ठेवलेला आहे. त्याचा अर्थ, घराला तोशीस न लागता, लग्नाच्या पैशाला हात न लावता जे होईल ते. आणि ज्या घराला तीन वर्षांची फी जड वाटते, त्या घरात मांडव, डीजे आणि वरातीच्या खर्चाचा हिशोब मात्र कुणी मागत नाही. बिड्या वळून, रोवणीला जाऊन घर चालवणारी आई जेव्हा खर्चाचं विचारते तेव्हा ते मला समजतं. तिच्याकडे खरंच पैसा नसतो. माझं भांडण आहे ते पैसा असूनही मुलीच्या वाट्याला फक्त काटकसर देणाऱ्या घरांशी आणि तशाच वागणाऱ्या सरकारशी.

काही शहाणी माणसं मला सांगतात, ‘गाण्याला कॉलेज कशाला हवं? कला ही आतून यावी लागते. आमच्या झाडीपट्टीत कोण कॉलेजात शिकलं?’ खरं आहे, कुणी नाही शिकलं. पण शिकले ते कोण? पुरुष! आपल्याकडे दंडार आहे, खडी गंमत आहे, गावोगाव भजनी मंडळं आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या नाटक मंडळ्या रात्र-रात्र नाटकं करतात. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीला आनंद झाला. मलाही झाला. पण या मंडळ्यांत पेटीवर, तबल्यावर बसणारा माणूस शिकतो कसा? पोरवयात मंडळात जाऊन बसतो, रात्री तालमीला जागतो, मोठ्यांच्या बोटांकडे बघत-बघत शिकतो. त्याला घरी कुणी विचारत नाही की रात्री दोनपर्यंत कुठं होतास. त्याच्यासाठी सारं गाव हेच कॉलेज आहे, तेही बिनफीचं.

त्याच गावातली मुलगी रात्री तालमीत जाऊन बसू शकते का? दुसऱ्या दिवशी तिचं नाव गावभर होईल. मुलाला कॉलेज नसलं तरी चालतं, त्याच्यापाशी पार आहे, मंदिर आहे, मंडप आहे. मुलीला घराबाहेर बसून, कुणाला उत्तर न देता, रोज चार तास गाणं शिकता येईल अशी एकच जागा समाजाने मान्य केली आहे, ती म्हणजे कॉलेजचा वर्ग. म्हणून संगीताच्या पदवीचा प्रश्न मुलांपेक्षा मुलींचा जास्त आहे. म्हणूनच तो या पत्रिकेत मांडते आहे.

बायांच्या गळ्यात गाणं नाही असं कोण म्हणेल? रोवणीच्या चिखलात वाकलेल्या बाया गातात. जात्यावर गात होत्या, पोवारांच्या लग्नात गातात, गोंडांच्या रेल्यात गातात. पण ते सगळं ‘लोकगीत’. त्यावर कुणीतरी प्रबंध लिहितं, पदवी त्याला मिळते. गाणारणीला ‘गायिका’ कुणी म्हणत नाही आणि गाण्याची मजुरीही कुणी देत नाही. आणि जी बाई हे कुंपण ओलांडते तिला काय भोगावं लागतं ते आपल्या शेजारच्या दुर्ग भागातल्या तीजनबाईंना विचारा. उभं राहून पंडवानी गाणं हा पुरुषांचा हक्क मानला जात असताना त्या उभ्या राहिल्या, तर समाजाने त्यांना वाळीत टाकलं. पुढे २०१९ साली पद्मविभूषण मिळालं. शाल-श्रीफळ घेऊन धावणारे तेव्हा पुष्कळ होते, झोपडीत एकटी राहत होती तेव्हा कुणी नव्हतं.

गाणाऱ्या बाईच्या चारित्र्याची चौकशी हा आपला जुना छंद आहे. १९४०च्या दशकात आकाशवाणीनेसुद्धा खासगी आयुष्याचं कारण पुढे करून गाणाऱ्या बायांना दारं बंद केली होती. त्याच्या कितीतरी आधी, १९२०च्या दशकात, हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफिली केल्या आणि ‘घरंदाज’ बाईला सभेत गाण्याची वाट करून दिली. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, भातखंड्यांच्या खटपटीने १९२६ मध्ये लखनौचं संगीत महाविद्यालय उभं राहिलं. शाळेत गाणं शिकवून घराण्याची खोली येत नाही, अशी टीका आजही होते. असेल त्यात तथ्य. पण गंडा बांधायला उस्तादाच्या घरी जाऊ न शकणाऱ्या मुलीला फीची पावती घेऊन समोरच्या दाराने आत शिरता आलं ते या शाळांमुळेच. ही गोष्ट बाईच्या बाजूने मोजली पाहिजे.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. चांगलं, त्यातल्या त्यात स्वस्त संगीत विद्यापीठ कुठं आहे? आपल्या शेजारी आहे! छत्तीसगडमधल्या खैरागडचं इंदिरा कला संगीत विद्यापीठ. तिथल्या राजा-राणीने बालपणी वारलेल्या आपल्या लेकीच्या, इंदिरेच्या नावाने राजवाडाच देऊन टाकला आणि १९५६ साली हे विद्यापीठ सुरू झालं. आपले श्रीकृष्ण रातंजनकर तिथे कुलगुरू होते. २०२० मध्ये ममता चंद्राकर, म्हणजे एक लोकगायिका, तिथे कुलगुरू झाली. गायन, सितार, व्हायोलिन, तबला, कथक, शिवाय लोकसंगीताचाही स्वतंत्र विभाग आहे. सरकारी विद्यापीठ असल्याने फी खासगी संस्थांसारखी अंगावर येत नाही. मुलींचं वसतिगृह आहे.

गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. उलट्या दिशेला आमगाव, सालेकसा, दरेकसा करत डोंगरगड त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, आणि तिथून खैरागड सडकेने चाळीसेक किलोमीटर. सालेकशाच्या मुलीला तर नागपूरपेक्षा खैरागडच जवळ. तरी आयाबाया म्हणतात, ‘परराज्यात कसं पाठवायचं?’ नवरात्रात बमलेश्वरीच्या दर्शनाला आपण लेकीबाळींना घेऊन डोंगरगडला जातो, तेव्हा ते परराज्य नसतं. मुलीला छत्तीसगडात देतो, तिकडून सून आणतो, तेव्हाही नसतं. हिंदीची अडचण म्हणाल तर गोंदियाच्या बाजारात अर्धा व्यवहार हिंदीतच चालतो. राज्याची सीमा फक्त मुलीच्या शिक्षणापुरती उभी राहते, लग्नाच्या वेळी पुसली जाते.

पण खैरागडचं नाव सांगून माझं काम संपत नाही. ‘चांगलं’ म्हणजे काय तेही ठरवून घ्या. इमारत बघू नका. विचारा, कायम नेमलेले शिक्षक किती आणि तासिकेवर राबणारे किती? गायनाच्या वर्गाला तबल्याची साथ रोज मिळते की परीक्षेपुरती? वसतिगृहात पहाटे रियाज करू देतात की ‘आवाज नको’ म्हणतात? जवळच्या कॉलेजात संगीत असेल तर ते बी.ए.च्या इतर विषयांबरोबरचा एक विषय आहे की पूर्ण पदवीच संगीताची आहे? विशारदबद्दलही गोंधळ फार आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही मेहनतीची, मानाची परीक्षा आहे, मी मुलींना ती द्यायलाच लावते. पण १९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठालाच आहे. विशारद काही ठिकाणी, काही कामांसाठी समकक्ष धरतात, सगळीकडे नाही. नोकरीच्या खिडकीशी उभं राहिल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आणखी एक विचारा, न लाजता. अंतर्गत तक्रार समिती आहे का? २०१३च्या कायद्याने ती सक्तीची आहे. गुरूला देव मानण्याच्या परंपरेत मुलीचं तोंड सगळ्यात आधी बंद होतं. मार्च २०२३ मध्ये चेन्नईच्या कलाक्षेत्रातल्या विद्यार्थिनी लैंगिक छळाविरुद्ध धरण्याला बसल्या, तेव्हा नामांकित संस्थेतही हे झाकलेलं राहू शकतं ते साऱ्या देशाने पाहिलं. त्यावरून ‘म्हणूनच मुलीला पाठवू नये’ असा अर्थ काढणारे भेटतील. त्यांना सांगा, छळ करणाऱ्याला बाहेर काढायचं असतं, शिकणारीला नाही.

आणि सरकार? जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. चांगलं केलं. पण संगीत घेऊन बी.ए. करणं ‘व्यावसायिक’ या शब्दात बसत नाही. का बसत नाही? तबलजी बिदागी घेतो, नाटक मंडळीची तिकिटं खपतात, लग्नातला ऑर्केस्ट्रा आगाऊ पैसे मोजून घेतो. धंदा आहेच की! बाई शिकायला निघाली की तेवढी ती ‘आवड’ होते.

मग मागायचं काय? शिक्षणहक्क कायदा, २००९ सांगतो की सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील त्या शाळेत कलाशिक्षणाला अर्धवेळ निदेशक हवा. ही पदं भरा, कायम करा, म्हणजे संगीताच्या पदवीला गावातच भाकरी मिळेल. फी माफीत संगीत, नृत्य, नाट्य घाला. कर्व्यांनी १९१६ साली काढलेल्या महिला विद्यापीठाचा संगीत विभाग एके काळी प्रभा अत्र्यांनी सांभाळला. त्या विद्यापीठाला राज्यात कुठंही महाविद्यालय संलग्न करता येतं, मग झाडीपट्टीत संगीताचं का करू नये? आणि आपल्या नागपूर विद्यापीठाला २००५ पासून तुकडोजी महाराजांचं, म्हणजे खंजिरीवर गाऊन गावं जागवणाऱ्या माणसाचं नाव आहे. त्या नावाच्या विद्यापीठात गोंदियाच्या मुलीला पूर्ण संगीताची पदवी घरापासून हाकेच्या अंतरावर मिळावी, ही मागणी जास्त आहे का?

तोवर आपण काय करायचं? गटाच्या बैठकीत हा विषय घ्या. गावातल्या बारावी झालेल्या मुलीचा अर्ज बसून भरा. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलीला केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती परराज्यात शिकतानाही मिळते आणि ती द्यायची असते तिच्या स्वतःच्या राज्याने. समाजकल्याण आणि आदिवासी विकासच्या कार्यालयात ‘बाहेरच्या राज्याचं आम्ही बघत नाही’ असं सांगितलं तर लेखी मागा. प्रवेशपरीक्षेला तिच्याबरोबर एक बाई जा. आणि आंदणासाठी साठवलेल्या पैशातून तिची पहिल्या वर्षाची फी भरा. पेटी तिची ती विकत घेईल, कमावल्यावर.