आंबिल ओढ्याचे पाणी येते कुठून?

मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका यांस,



२५ सप्टेंबर २०१९ची रात्र या शहराने विसरता कामा नये. आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक जीव गेले. तेव्हापासून आंबिल ओढा म्हटले की गाळ, अतिक्रमणे, कलव्हर्ट आणि सीमाभिंती एवढेच बोलले जाते. ही कामे हवीतच. पण ओढ्याचे पाणी काही पात्रात तयार होत नाही. ते कात्रजच्या डोंगरउतारावरून आणि धनकवडी, सहकारनगरच्या गच्च्यांवरून, पार्किंगमधून, गल्ल्यांमधून येते. तिथे आपण काय अंथरले आहे, ते मोजायला हवे.

पुण्याची जमीन बेसॉल्टची. वर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक. मोकळ्या जमिनीवर पडलेला पाऊस आधी मातीत जिरतो, मुरमातून सावकाश खाली उतरतो आणि पुढे कित्येक महिने विहिरींना, ओढ्याला पुरतो. काँक्रीटवर यातले काहीच होत नाही. हजार चौरस मीटरच्या पार्किंगवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५० हजार लिटर पाणी होते. दहा हजार लिटरचे पाच टँकर. त्यातले किमान चार टँकर पाणी लगेच पावसाळी गटारात उतरते. खरा धोका या 'लगेच'मध्ये आहे. पूर्वी वरचे आणि खालचे पाणी मागेपुढे पोचत असे. आता प्रत्येक गल्लीचे पाणी जवळजवळ एकाच वेळी ओढ्यात येते आणि त्याचा लोंढा होतो. मग तेच पाणी मे महिन्यात सोसायट्या टँकरवाल्याकडून विकत घेतात.

एखादी नवी केलेली गल्ली जवळून पाहा. जुना रस्ता न खरवडता त्यावरच थर चढवलेला असतो, त्यामुळे जुन्या घरांचे उंबरे रस्त्याच्या खाली गेलेले असतात. कडेला पेव्हिंग ब्लॉक असतात, पण त्यांच्याखाली काँक्रीट आणि फटींत सिमेंट. झाडाच्या बुंध्यापर्यंत इंचभरही माती उघडी नसते. ब्लॉक वाळूवर बसवून सांधे मोकळे सोडले तर निदान थोडे पाणी तरी मुरेल. झाडांभोवती मीटरभर जागा मोकळी करा, असे राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीला २०१३ मध्येच बजावले होते. पुण्याने ते आपणहून करायला काय हरकत आहे?

माझे मागणे काँक्रीट बंद करा असे नाही. बससाठी, जड वाहतुकीसाठी ते लागते. पण चार घरांच्या बोळाला कशाला? आज प्रभागाचा निधी संपवायचा म्हणून गल्ली निवडली जाते आणि तिचे पाणी कुठल्या ओढ्याला जाते, हे कुणी विचारत नाही. पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजला तलाव बांधून याच खोऱ्याचे पाणी जमिनीखालून शहरातल्या हौदांपर्यंत आणले. डोंगर आणि पेठ एकाच पाण्याने जोडलेले आहेत, हे त्यांनी जाणले होते.

म्हणून विनंती अशी: कात्रजपासून मुठा नदीशी होणाऱ्या संगमापर्यंत आंबिल ओढ्याच्या संपूर्ण पाणलोटाचा नकाशा करावा. त्यात किती जमीन झाकली गेली आणि किती उघडी आहे, हे दाखवावे. या खोऱ्यातला काँक्रिटीकरणाचा प्रत्येक प्रस्ताव त्या नकाशावर तपासूनच मंजूर व्हावा आणि तो नकाशा नागरिकांना पाहता यावा. सुरुवात पुढच्या अंदाजपत्रकापासून करावी.

कळावे,
आंबिल ओढ्याकाठचा एक पुणेकर