घाबरण्याची मुभा



गेल्या पावसाळ्यात एका घरी रुग्ण पाहावयास गेलो होतो. आजी हृदयाच्या दीर्घ दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या. त्यांची शुश्रूषा करणारे आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, फ्रेंच भाषेचे निवृत्त अध्यापक. तपासणी आटोपून हात धुण्यास वळलो, तो टेबलावर एक भली मोठी, देखणी पेटी दिसली. जाड पुठ्ठ्याची, कापडी कण्याची. आत तीन तबकड्या आणि छायाचित्रांसह संपूर्ण संहितेची पुस्तिका. सूनबाई हलकेच म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच सांगा आता यांना. या वयात एवढे पैसे घालून जुन्या रेकॉर्डी कशाला जमवायच्या?"

निवाडा करण्याआधी मी पेटी पाहिली. फ्रान्सिस पूलंक या फ्रेंच संगीतकाराचा 'दियालोग दे कार्मेलीत' हा ऑपेरा, म्हणजे 'कार्मेलाइट जोगिणींचे संवाद'. त्याचा पहिला प्रयोग १९५७ च्या जानेवारीत मिलान येथे इटालियन भाषेत झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिसमध्ये तो फ्रेंचमध्ये गायिला गेला. आजोबांच्या पेटीतील ध्वनिमुद्रण १९५८ चे, पिएर देर्वो यांच्या संचालनाखालचे. दनीझ द्युव्हाल आणि रेजिन क्रेस्पँ या पॅरिसच्या मूळ प्रयोगातील गायिका त्यात आहेत.

प्रथम वैद्यकीय प्रश्नाचे उत्तर देतो. वस्तू जमविणे हा आजार नव्हे. वस्तूंमुळे चालण्याची वाट अडली, बिछाना वा स्वयंपाकघर वापरता येईनासे झाले, निरुपयोगी वस्तू टाकतानाही जीव कासावीस होऊ लागला, तर मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आजोबांच्या पेट्या कपाटात उभ्या, ओळीने लावलेल्या होत्या. तबकड्या आडव्या रचल्या तर भाराने वाकतात; उन्हातही वाकतात. पावसाळी दमटपणात पुठ्ठ्याला बुरशी येते आणि ती दमेकऱ्याला बाधते, म्हणून कपाट कोरडे हवे. जड पेट्या कमरेच्या उंचीवर ठेवाव्यात; ठिसूळ हाडांच्या माणसाने त्यांसाठी वाकू नये, स्टुलावर तर मुळीच चढू नये.

या छंदाचे दोन लाभही सांगतो. तबकडीची एक बाजू साधारण वीस-पंचवीस मिनिटांत संपते आणि ती उलटण्यासाठी उठावेच लागते. आजोबांनी त्याला एक नियम जोडला होता. बाजू संपली की आजींच्या खोलीत एक फेरी, दोन घोट पाणी, उशी सारखी करणे. आणि दर दोन तासांनी त्यांची कूस बदलणे. दुसरा लाभ अक्षरांचा. त्या रुंद पुस्तिकेतील मजकूर मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना सुखाने वाचता येतो. उतारवयात प्रथम उंच स्वर ऐकू येईनासे होतात आणि शब्द पुसट होतात. अशा वेळी समोर छापील संहिता असणे हा मोठाच आधार.

परंतु आजोबांनी ती पेटी का घेतली, ते मला पुढच्या भेटीत कळले.

ऑपेराचे कथानक फ्रेंच राज्यक्रांतीतील सत्य घटनेवर आधारलेले आहे. काँपियेन्य येथील सोळा कार्मेलाइट जोगिणींचा १७ जुलै १७९४ रोजी पॅरिसमध्ये गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. त्या घटनेवर गेरट्रुड फॉन ले फोर्ट या जर्मन लेखिकेने १९३१ मध्ये कथा लिहिली. तिच्या आधारे जॉर्ज बेर्नानोस यांनी चित्रपटासाठी संवाद लिहिले आणि ते पुरे झाल्यावर थोड्याच काळाने, १९४८ मध्ये, ते कर्करोगाने निवर्तले. स्वतः पूलंकही हा ऑपेरा रचीत असताना आपल्याला कर्करोग झाल्याच्या धास्तीने खचले आणि त्यांना उपचार घ्यावे लागले. भय काय असते, हे दोघांनाही ठाऊक होते.

पहिल्या अंकाच्या अखेरीस वृद्ध मठाध्यक्षा मृत्युशय्येवर आहे. आयुष्यभर तिने मृत्यूचे चिंतन केले; आता ते काही कामी येत नाही. जोगिणींचा निरोप शांतपणे घेता यावा म्हणून ती डॉक्टरांकडे औषधाची आणखी एक मात्रा मागते. शरीराला ती सोसणार नाही, असे डॉक्टर सांगतात. ती ओरडू लागते, देवाविषयी भलते बोलू लागते. तेव्हा दुसरी ज्येष्ठ जोगीण काय करते? ती खिडकी लावून घ्यावयास सांगते. इतरांच्या कानी हे पडू नये!

आजोबा म्हणाले, "डॉक्टर, आमच्याकडेही रात्री खिडकी लावतात."

आजींनी पन्नास वर्षे हरिपाठ चुकविला नव्हता. आता रात्री धाप लागली की त्या घाबरून हाका मारीत, आणि घरची मंडळी अवघडत. "एवढा देवधर्म केला, आणि आता अशी घाबरते?" असे मुलगा म्हणाला होता. मी तरी काय केले होते? नाडी पाहून "घाबरू नका, आजी" म्हटले होते आणि निघून आलो होतो. तीही एक प्रकारे खिडकी लावणेच होते.

त्या दिवशी मी खुर्ची ओढून बसलो आणि विचारले, "आजी, कशाची भीती वाटते?" त्या म्हणाल्या, "मरणाची नाही हो. श्वास कोंडेल, आणि जवळ कोणी नसेल, त्याची."

या भीतीवर उपचार होते. पाठीशी उशा देऊन बसते केले, तोंडासमोर लहान पंखा ठेवला, औषधे बदलली; धाप न शमल्यास मॉर्फिनची अल्प मात्रा उपयोगी पडते, हे कुटुंबाला समजावले. मॉर्फिन म्हणजे शेवटाची घाई, हा समज चुकीचा आहे. योग्य मात्रेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते वेदना व धाप शमविते. २०१४ च्या कायदादुरुस्तीमुळे आपल्या देशात ते रुग्णांपर्यंत पोहोचविण्याची वाटही काहीशी सुकर झाली आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, एवढे ध्यानात ठेवा. वृद्ध माणूस एकाएकी बरळू लागला, रात्रीचा दिवस करू लागला, तर तो स्वभाव नव्हे आणि श्रद्धेची कसोटीही नव्हे. लघवी तुंबणे, बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, रक्तातील क्षारांचा बिघाड, दडपलेली वेदना किंवा एखादे नवे औषध, यांपैकी काहीही कारण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. खोलीत मंद दिवा असू द्या. चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी ठेवा. "घाबरू नका" म्हणण्याऐवजी "मी येथेच आहे" म्हणा, आणि खरोखरच तेथे राहा.

त्या ऑपेरात पुढे एक तरुण जोगीण म्हणते की, माणूस केवळ स्वतःसाठी मरत नाही, एकमेकांसाठी मरतो. मठाध्यक्षेला जणू चुकून दुसऱ्याच कुणाचे मरण मिळाले असावे. आणि सर्वांत भित्री, पळून गेलेली ब्लांश अखेरीस परत येऊन गात गात वधस्तंभाकडे जाते. भ्यालेल्या माणसाला जर भेकड ठरविले नाही, तर धैर्य त्याच्यापाशी परतू शकते, एवढा अर्थ मी डॉक्टर म्हणून त्यातून घेतला.

आजी दिवाळीच्या आधी गेल्या. सूनबाईंनी फोनवर सांगितले, "शेवटच्या रात्री त्या दोनदा घाबरल्या. आम्ही सगळे जवळ होतो. खिडकी उघडीच ठेवली होती."

पेटी अजून टेबलावरच आहे. आता तिच्यावरची धूळ सूनबाई पुसतात.