दारू सुटली, पुढे काय?

दारू हराम, म्हणून आपल्या घरांत व्यसनाचं नावही काढलं जात नाही. लपवण्यात उपचार लांबतो. नेरमध्ये कोणी उपचार घेऊन परतला, तर आम्ही एकच विचारतो, ‘पुन्हा प्यायला नाहीस ना?’ झोप लागते का, काम मिळालं का, मुलं जवळ येतात का, हे विचारायचं राहूनच जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या जीवनमानाच्या २६ प्रश्नांत शरीर, मन, नाती, परिसर सगळं येतं. पुण्यात १९८६ साली सुरू झालेलं मुक्तांगण घरच्यांनाही उपचारात सामील करतं. आपणही टोमणे सोडू या, त्याला दस्तरख्वानावर शेजारी बसवू या. मदतीसाठी १४४४६ हा मोफत क्रमांक आहे.