दुःखाच्या दिवसांतले वाचन

संकट आलेल्या घरी जाताना माणसे दोन गोष्टी हमखास नेतात : फळे आणि उपदेश. फळे निदान खाल्ली तरी जातात. 'देवाची इच्छा', 'जे होते ते बऱ्यासाठीच' ही वाक्ये मात्र ऐकणाऱ्याला आणखी एकटे करतात. ख्रिस्ती घरांत कित्येकदा बायबलमधल्या एखाद्या वचनाचा असाच वापर होतो. काही जण तर डोळे मिटून ग्रंथ उघडतात आणि बोट पडेल त्या ओळीत आपले उत्तर शोधतात. शास्त्रवचनावरचे मनन म्हणतात ते हे नव्हे.

ती रीत जुनी आणि संथ आहे. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या कार्थुजियन मठातील दुसरा ग्विगो या साधूने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. उतारा लहान घ्यायचा. सावकाश, जमल्यास ओठ हलवीत वाचायचा. जो शब्द मनाला अडवील तिथे थांबायचे आणि तो आज आपल्याला काय सांगतो आहे, हे पाहायचे. मग मनात उमटेल ते देवाला सांगायचे, आणि शेवटी नुसते गप्प बसायचे. श्रवण, मनन, निदिध्यासन हा क्रम ठाऊक असलेल्यांना हे परके वाटू नये.

मनात उमटेल ते सांगायचे, यात रागही आला. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. त्यांतला सुमारे तिसरा हिस्सा विलापाचा आहे. बहुतेक विलाप शेवटी आशेकडे वळतात, पण ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरीही ते ग्रंथात राहिले आहे. क्रुसावर येशूच्या मुखी आले ते २२ व्या स्तोत्राचे आरंभीचे शब्द. तेही देवाला जाब विचारणारेच. विठोबाशी हक्काने भांडणारे तुकोबा ज्यांच्या घरात आहेत, त्यांना ही भाषा लगेच कळेल.

ईयोबाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले. त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि त्याच्या दुःखाचे खापर त्याच्याच माथी फोडले. अखेरीस देव ईयोबाला चार शब्द सुनावतो खरा, पण त्याचा कोप होतो तो या मित्रांवर.

मननाची सवय मात्र संकटापूर्वीच लागलेली बरी. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर १९३५ पासून फिंकेनवाल्डे येथे नाझींपुढे न झुकणाऱ्या चर्चच्या भावी पाळकांना शिकवीत असे. तिथे रोज सकाळी अर्धा तास मनन असे, आणि आठवडाभर उतारा एकच. १९३७ मध्ये पोलिसांनी ती शाळा बंद पाडली. १९४३ मध्ये त्याला अटक झाली, तेव्हा बर्लिनच्या टेगेल तुरुंगात हीच शिदोरी कामी आली. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी दिले गेले. मननाने त्याला जगापासून दूर नेले नव्हते. हिटलरविरोधी कटात तो सामील होता.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाई होत्या. मुक्ती मिशनचा व्याप सांभाळून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. सामान्य बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे वेचली. शब्दाशब्दापाशी थांबणारे भाषांतर हेही एक मननच. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. भाषांतर मात्र पूर्ण झाले होते.

याचा अर्थ मनन हे सर्व दुखण्यांवरचे औषध आहे, असा नाही. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरकडे जावेच. त्यात श्रद्धेचा कमीपणा नाही. मननाने आजार जात नाही की कर्ज फिटत नाही. पण मनातले खरे बोलायला जागा मिळते, आणि घाईने दिलेल्या उत्तरांपासून माणूस वाचतो.

ज्यांना आरंभ करायचा आहे त्यांनी रोज दहा मिनिटे आणि आठवड्याला एक स्तोत्र एवढे पुष्कळ समजावे. आणि दुःखी माणसाकडे जाताना वचन न्यायचेच असेल, तर ते आधी स्वतः आठवडाभर वाचावे. बहुधा तिथे गेल्यावर ते बोलून दाखवण्याची गरज वाटणार नाही. शेजारी बसणे पुरेसे होईल.