बहुमत जन्माला येतं तेव्हा

1787 सालात अमेरिकेत मॅडिसन नावाच्या माणसानं लिहिलं, की देश जितका मोठा तितके त्यात गट जास्त, हितसंबंध जास्त. मग कुणा एकाच टोळक्याला बहुमत गाठून दुबळ्याला चिरडता येत नाही. लिहिणारा स्वतः गुलाम बाळगून होता. असो.

तरी त्याच्या बोलण्यात दम आहे. गोदीत मी रोज बघतो. टोळीत भय्या आहे, कोकणी आहे, मुसलमान आहे, मी आहे. सगळ्यांनी मिळून माझ्यावर उठावं एवढं त्यांचं आपसात जमतच नाही!

आता हे गणित नांदेड-लातूरच्या खेड्यात नेऊन बघा, दोस्तहो. जमीन ज्याची, सोसायटी त्याची. सरपंच त्याचा, कारखान्याचा डायरेक्टर त्याचा भाऊ. सुतार-कुंभार त्याच्याच खळ्यावर जगलेले. हितसंबंध दहा, पण कासरा एकाच हातात. बहिष्कार पडला की काम बंद, किराणा बंद, पाणी बंद.

27 जुलै 1978. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत एकमतानं झाला. मुंबईत एकमत, आणि इकडं खेडी पेटली. घरं जळाली ती आपली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना ठार केलं. जाळणाऱ्यांतल्या कित्येकांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नसेल. महारवाडा ताठ मानेनं चालू लागला, मजुरी मागू लागला, हे त्यांचं खरं दुखणं.

मग ते मोठं प्रजासत्ताक काय करत होतं? वाट बघत होतं. सोळा वर्षं. 25 नोव्हेंबर 1993 ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं, तेव्हा कुठं 14 जानेवारी 1994 ला नाव लागलं, तेही 'मराठवाडा' शेपटाला ठेवून. आणि त्याच सप्टेंबरात नांदेडला वेगळं विद्यापीठ! म्हंजे ज्या नांदेडनं जीव दिले तिथल्या पोराच्या डिग्रीवर बाबासाहेबांचं नाव नाही. लातूरच्याही नाही. स्वामी रामानंद तीर्थांशी आमचं भांडण नाही. हिशेब तेवढा मांडून ठेवतो.

मॅडिसनचं कुठं चुकतं ते बाबासाहेबांनी 1945 मध्येच दाखवलं होतं. राजकीय बहुमत बनतं आणि मोडतं. इथलं बहुमत जन्मानं येतं, म्हणून मोडत नाही. लातूरची लोकसभेची जागा 2009 पासून राखीव आहे. माणूस आपला, पण निवडून आणणारी मतं त्यांची. पुणे करार जुना झाला असं कोण म्हणतं?

तरीही मी दिल्लीला मोडीत काढत नाही. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या कुठल्या ग्रामपंचायतीनं केला असता? 1 जून 2023 ला नांदेडजवळ बोंढार हवेलीत आपल्या एका पोराचा खून झाला. भीमजयंती काढल्याचा राग, असं फिर्यादीत आहे. ती फिर्याद लिहायला कलमं मिळाली ती गावाबाहेरून. पण कलम येतं खून झाल्यावर. खुनाआधी उपयोगी पडते ती स्वतःची भाकर, जी पाटलाच्या खळ्यावरून येत नाही.

म्हणून जमीन. 14 एप्रिल 1990 च्या आधीपासून गायरान कसणाऱ्यांचा ताबा नियमित करायचा शासन निर्णय 1991 चा आहे. ज्यांच्या आज्या-बापांनी गायरान फोडलं त्यांनी दंडाच्या पावत्या, पीकपाण्याचे उतारे, पंचनामे, जे असेल ते ट्रंकेतून काढा. एकेकटे जाऊ नका. वस्तीनं मिळून तहसीलवर जा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय पायऱ्या उतरू नका.