इम्पोर्टेड, मु. पो. तळोजा

मंडळी, बरेच दिवस ब्लॉगवर धूळ साचली होती. आज डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसलोय. (काका आणि आत्या वाचत असतील तर आधीच सांगतो, मी एकच ग्लास घेतला होता!)

परवा मुंबईहून आतेभाऊ आला. कणकवलीतच हायवेजवळच्या एका हॉटेलात बसलो. मेनूकार्डावर 'इम्पोर्टेड बीअर' असा वेगळा रकाना, त्यात हाइनकेन आणि भाव अर्थातच चढा. भाऊ ऐटीत म्हणाला, "ह्या फॉरेनचा आसा." मी बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. तळोजा, जि. रायगड!

"फॉरेनचा खंयचा? येताना तुझ्या वाटेतच होता मरे!"

वेटर म्हणाला, "पण साहेब, कंपनी फॉरेनची आहे ना." घ्या! हाइनकेन 2011 मध्ये युनायटेड ब्रुअरीजच्या तळोजा कारखान्यात बनू लागली. 2021 मध्ये याच युनायटेड ब्रुअरीजचे निम्म्याहून जास्त शेअर हाइनकेनकडे गेले. म्हणजे वेटरच्या हिशोबाने आपली किंगफिशरसुद्धा आता इम्पोर्टेड रकान्यात घालायला हवी. उलट इंग्लंडातल्या करी हाउसमध्ये गोरे लोक 'इंडियन' म्हणून जी किंगफिशर प्यायचे, ती कितीतरी वर्षं केंटमधल्या फेवरशॅम गावी बनत होती. 'ऑस्ट्रेलियन' म्हणून इथे मिरवलेली फॉस्टर्स आमच्या वाळूजची. सगळा नावाचा खेळ.

बरं, यात फॉरेनचं असतं तरी काय? जव भिजवून मोड आणतात, वाळवतात, भरडतात. गरम पाण्यात ठेवलं की पिठाची साखर होते. ते पाणी गाळून हॉप्स घालून उकळतात, थंड करतात आणि यीस्ट सोडतात. लागरचं यीस्ट थंडाव्यात, साधारण 7 ते 13 अंशांवर सावकाश काम करतं. मग आणखी थंड टाक्यांत मुरवत ठेवायचं. जर्मनमध्ये 'लागर्न' म्हणजे साठवणं, नाव त्यावरूनच पडलं. जव बहुधा राजस्थान-हरियाणाकडचे. हॉप्स बाहेरचे, पण ते चिमूटभर. बाकी नव्वद टक्क्यांहून जास्त काय? पाणी. आणि ते इथलंच.

माझा खरा राग इथे आहे. 'फॉरेनची' म्हटलं की पाणी कुणाचं हा प्रश्नच कुणी विचारत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. तेव्हा हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाला मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्म्याने आणि मग 60 टक्क्यांनी कापायचा आदेश द्यावा लागला. त्या दिवसांतही कुणीतरी ऐटीत 'फॉरेनची' मागवली असेलच की!

कुणी म्हणेल, चव आवडते ना, मग पी आणि गप्प बस. चवीबद्दल तक्रार नाहीच. कारखान्यातल्या लोकांनी ती नीटच बनवली आहे. मग तळोज्याचं नाव लपवायचं कशाला? अमेरिकेत बेक्स जर्मन म्हणून खपायची, बनायची सेंट लुईसला. लोक कोर्टात गेले आणि 2015 मध्ये कंपनीला पैसे परत द्यायचं कबूल करावं लागलं. इथे कंपनीने निदान मागे पत्ता तरी छापलाय. खोटं बोललं ते मेनूकार्ड आणि ते आवडीने ऐकलं आपण.

देवगडचा म्हणून भलताच हापूस कुणी विकला तर आपण केवढा कांगावा करतो. मग बाटलीच्या बाबतीत गप्प का? मेनूकार्डावर भावाशेजारी गावाचं नाव लिहा, एवढंच मागणं आहे.

असो. बिल मात्र आतेभावानेच भरलं, इम्पोर्टेड भावाने. पुढच्या खेपेला तरी बाटली फिरवून बघ रे बाबा!